समोरच्याचे कागद साक्षीपुराव्याआधी बघायला मिळतात का? (वाटपाचा दिवाणी दावा)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. इथे वकील बरेच आहेत आणि कोर्टकचेऱ्या सोसलेले त्याहून जास्त, म्हणून विचारते.

आमचा वाटपाचा दावा आहे, वाई तालुक्यातल्या जमिनीचा. वादी मी आणि आई. प्रतिवादी सख्खे काका आणि त्यांची दोन मुलं. बाबा २०११ मध्ये गेले. दावा लावताना हिशेब साधा वाटला होता: आजोबांची पाच गटांतली जमीन, दोन भाऊ, अर्धा अर्धा वाटा. मग काकांची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली. त्यात लिहिलंय की बाबांनी १९८७ सालीच हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं, सबब वादींचा मिळकतीशी काही संबंध नाही. आईनं हा शब्दसुद्धा कधी ऐकला नव्हता.

कैफियतीबरोबर यादीला जोडलंय ते एकच पान, झेरॉक्स. वर मुद्रांक, खाली 'लिहून देणार' म्हणून बाबांचं नाव, मग मजकूर सुरू होतो आणि पान संपतं. सही नाही, मिळकतीचं वर्णन नाही, पुढची पानं नाहीत. आमचे वकील म्हणतात, "काळजी करू नका, उलटतपासात बघू." म्हणजे आणखी तीन-चार वर्षं. तोवर आम्ही अंधारातच चालायचं का? समोरच्याकडचा कागद आधी बघण्याचा काही हक्क असतो की नाही?

झब्बू_मास्तर
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

मिरचीपूड
मास्तर, त्या पायरी चढून ओसरीवर बसल्या पण. आता पुढचं सांगा, न्हाईतर गप शेंगा फोडत बसा.

काळा_डगला
ताई, हक्क आहे, आणि तो १९०८ पासून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ पूर्ण याच विषयावर आहे. तालुक्याच्या कोर्टात तो फारसा कुणी वापरत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या बार रूममध्ये आदेश ११ चं नाव काढलं तर ज्येष्ठ मंडळी चहा मागवतात.

तुमच्यासाठी नियम १५. समोरच्यानं कैफियतीत किंवा प्रतिज्ञापत्रात ज्या कागदाचा उल्लेख केला, तो कागद आम्हाला दाखवा अशी नोटीस मुद्दे (म्हणजे कोर्टानं ठरवायचे वादाचे प्रश्न) निघायच्या आधी किंवा मुद्दे निघताना देता येते. त्यासाठी कोर्टाची परवानगी नको. तुमच्या वकिलांनी त्यांच्या वकिलांना द्यायची. मिळाल्यापासून दहा दिवसांत त्यांनी वेळ कळवायची, आणि ती वेळ कळवल्यापासून तीन दिवसांच्या आतली हवी. त्यांच्या वकिलांच्या ऑफिसात जायचं, कागद बघायचा, नकला घ्यायच्या. दाखवलाच नाही तर तो कागद पुढे त्यांना स्वतःच्या पुराव्यात वापरता येत नाही, कोर्टाला पटेल असं कारण असेल तरच.

शिवाय आदेश ८ नियम १अ प्रमाणे ज्या कागदावर बचाव उभा आहे तो कैफियतीबरोबरच दाखल करायला हवा होता. एक पान जोडणं म्हणजे कागद दाखल करणं नव्हे. मुद्दे निघालेत का, ते आधी सांगा.

दुसरी_बाजू
मी बहुतेक वेळा प्रतिवादीकडून उभी राहते, म्हणून थोडं पाणी टाकते.

काळा_डगला यांनी नियम १५ चं शेपूट सांगितलं नाही. न दाखवलेला कागद पुराव्यात आणता येणार नाही हे खरं, पण प्रतिवादी असेल आणि तो कागद फक्त त्याच्या स्वतःच्या मालकीहक्कापुरता असेल, तर ती शिक्षा त्याला लागू होत नाही. काकांच्या वकिलांच्या जागी मी असते तर पहिलं उत्तर हेच दिलं असतं.

काळा_डगला
दिलं असतंत, आणि हरला असतात. :) हक्कसोडपत्र 'फक्त' काकांच्या हक्कापुरतं कसं असेल? त्यानं वादीचा हक्क संपतो असंच तर त्यांचं म्हणणं आहे. एकाच कागदानं एकाचं घर बांधायचं आणि दुसऱ्याचं पाडायचं, वर म्हणायचं की हा माझा खाजगी कागद.

दुसरी_बाजू
हरले असते, पण आठ महिन्यांनी. तेवढ्यात पक्षकार खूश.

नाझरकाका
वरचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात खरं वाक्य आहे.

मी दिवाणी कोर्टात एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ नाझर म्हणून. आता निवृत्त. वकील मंडळी कायदा सांगतात तो बरोबरच असतो. मी टेबलाच्या अलीकडून काय दिसतं ते सांगतो. नोटिशीला दाद दिली नाही तर तुम्ही अर्ज देणार. त्यावर साहेब लिहिणार 'अदर साइड टू से'. से यायला दोन तारखा. मग प्रतिवादीचे वकील आजारी. मग साहेबांची बदली. नवे साहेब म्हणणार, निशाणी ५ चा मनाईचा अर्ज आधी चालवू. रोजनाम्यात तुमचा अर्ज दर तारखेला 'सुनावणीकरिता' म्हणून पुढे सरकत राहणार. म्हणून अर्ज द्यायचाच नाही असं माझं म्हणणं नाही, जरूर द्या. फक्त त्याच्या भरवशावर बसू नका.

हक्कसोडपत्र स्थावराचं आहे. ते नोंदवलेलं असेल किंवा नसेल. नसेल तर शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क त्यानं सुटत नाही, आणि तुमच्या वकिलांचं निम्मं काम झालं. असेल तर त्याची नक्कल सरकारात आहे, काकांपुढे हात कशाला पसरायचे? नोंदणी कायद्याचं कलम ५७ वाचा. स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात आणि ते पुस्तक, त्याची सूची, कुणालाही फी भरून बघता येते, नक्कल मिळते. नातं विचारत नाहीत. सूची १ माणसांच्या नावावर, सूची २ मिळकतीवर. १९८७ ची सूची हाताने लिहिलेली असणार, तेव्हा घरी बसून काँप्युटरवर सापडेल ही आशा सोडा. दुय्यम निबंधकाकडे सर्च घ्या. १९८६ ते १९८८ तीन वर्षांचा घ्या. कैफियतीतलं साल वकिलाच्या कारकुनानं टंकलेलं असतं, वेदवाक्य नव्हे.

जाता जाता: मृत्युपत्र पुस्तक ३ मध्ये असतं. करणारा जिवंत असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच नक्कल, वारल्यावर कुणालाही. हे ठाऊक नसल्यामुळे लोक वर्षानुवर्षं भावाकडे 'वडिलांचं मृत्युपत्र दाखव' म्हणून विनवण्या करत बसतात.

आणि एक प्रश्न. सातबारावर कुणाचं नाव आहे, आणि नावापुढे काय लिहिलंय?

कृष्णाकाठची
सर्वांचे आभार. मुद्दे अजून निघालेले नाहीत, पुढच्या महिन्यात तारीख आहे.

नाझरकाका, सातबारावर काकांचं एकट्याचं नाव आहे आणि पुढे ए.कु.मॅ. असं लिहिलंय. आजोबा गेल्यावर तशी नोंद झाली होती म्हणे.

नाझरकाका
ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव त्यांचं, जमीन सगळ्यांची. बाबांनी १९८७ मध्ये हक्क सोडला असता तर काकांनी फेरफार करून ही तीन अक्षरं काढून घेतली नसती? अडतीस वर्षं ठेवली? हा प्रश्न वकिलांना वहीत लिहून ठेवायला सांगा.

अनुस्वार
'झेरॉक्स' ही एक कंपनी आहे. आपल्याला म्हणायचं आहे ते 'छायाप्रत'.

मिरचीपूड
आमच्या कोर्टासमोर टपरीवर 'छायाप्रत काढा' म्हणालो तर तो फोटो स्टुडिओचा पत्ता देईल.

एडिसनकर
वाचून गंमत वाटली. इकडे अमेरिकेत उलटा प्रकार आहे. माझ्या जुन्या कंपनीशी नोकरीवरून केस झाली होती, फेडरल कोर्टात. खटला उभा राहायच्या आधीची ही पायरी, डिस्कव्हरी, हाच मुख्य खटला असतो म्हणा ना. कागद मागायचे, समोरच्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायचं. वर डिपॉझिशन. वकिलाच्या ऑफिसात टेबलाशी बसवून, शपथ देऊन प्रश्न विचारतात, एका माणसाला एक दिवस, सात तास. जज तिथे नसतोच. माझी सहा वर्षांची ईमेल्स त्यांनी मागितली, त्यांची आम्ही मागितली. त्यांनी एक दिवस अकरा हजार पानं पाठवली. माझ्या उपयोगाची त्यातली चार. ती चार शोधायला वकिलानं जे बिल लावलं त्यात पुण्यात वन बीएचके आला असता (तेव्हाच्या भावानं). शेवटी तडजोडच केली. तिकडे बहुतेक केसेस अशाच मिटतात. एकमेकांचे पत्ते दिसले की खेळायची खुमखुमी राहत नाही.

झब्बू_मास्तर
म्हणजे तिकडे कागदात बुडवून मारतात, इकडे तहानेनं. मरण ठरलेलं.

दुसरी_बाजू
इंग्लंडमध्ये १९९९ पासून डिस्कव्हरी हा शब्दच काढून टाकला, डिस्क्लोजर म्हणतात. आपण ज्यांच्याकडून नियम घेतले त्यांनी नाव बदललं, आपण जुनं सांभाळून आहोत. तिकडच्या साध्या नियमातसुद्धा आपल्या विरोधात जाणारे कागद स्वतःहून सांगावे लागतात. आपल्या नेहमीच्या दिवाणी दाव्यात तशी सक्ती नाही, मागितलं तर मिळतं.

लेथमशीन
नेहमीच्या दाव्यात नाही, पण व्यापारी दाव्यात आहे. मी त्यातून गेलोय.

भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकानं चौदा लाखांचं बिल अडकवलं. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याखाली गेलो. आधी मर्यादा एक कोटी होती, २०१८ मध्ये ती तीन लाखांवर आली म्हणून माझ्यासारखा माणूस तिथे पोचला. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तुमच्याकडचा सगळा कागद द्या, बाजूचा आणि विरुद्धचाही, आणि याशिवाय काही नाही असं शपथेवर लिहून द्या. माझ्या पोटात गोळा आला. कारण माझंच एक ईमेल होतं, 'चाळीस नग साइजमध्ये बसत नाहीत, बदलून देतो'. मी म्हटलं हे कशाला लावायचं? बाई म्हणाल्या, हे तुम्ही लपवाल आणि ते लोक काढतील, मग तुमच्या बाकीच्या चारशे नगांवरही कोण विश्वास ठेवेल?

लावलं. मजा पुढे. तोच नियम त्यांनाही लागू, त्यामुळे त्यांना त्यांचं गेटवरचं आवक रजिस्टर द्यावं लागलं. त्यात चाळीस बदलून दिलेल्या नगांसकट सगळा माल जमा, स्टोअरकीपरच्या सह्या. कैफियत दाखल झाल्यावर तपासणीला तीस दिवस असतात, कोर्ट फार तर आणखी तीस देतं. ती मुदत संपायच्या आत त्यांचा तडजोडीचा फोन आला. चौदाचे साडेबारा घेतले आणि हात झाडले.

कृष्णाकाठची
लेथमशीन, हे आम्हाला लागू नाही ना?

लेथमशीन
नाही ताई, वाटपाचा दावा व्यापारी होत नाही. मी फक्त जखम दाखवली.

मलंगगड_ट्रेकर
कागद दाबून ठेवला तर काय होतं यावर आमच्या कल्याणजवळचाच एक निकाल आहे, कायद्याची पुस्तकं तो अजून सांगतात. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ, सर्वोच्च न्यायालय, १९६८. हाजी मलंगच्या वहिवाटदारांचा वाद. एक जमीन खाजगी मालकीची की दर्ग्याची, हा प्रश्न होता. केतकरांनी उत्पन्नाचे हिशेब कोर्टापुढे आणलेच नाहीत. त्यांचं म्हणणं साधारण असं की सिद्ध करायची जबाबदारी आमची नाही, तर आम्ही का आणू? कोर्ट म्हणालं, जबाबदारी कुणाचीही असो, सगळ्यात चांगला पुरावा ज्याच्या हातात आहे आणि जो तो दडवतो, त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येतं. मी वकील नाही. चढताना बरोबरच्या एका वकिलानं हे सांगितलं होतं, आणि धाप लागलेली असताना ऐकलेलं विसरत नाही.

काळा_डगला
वा. अगदी बरोबर. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११४, उदाहरण (छ). १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, तिथे ते ११९ झालं. आम्ही अजून तोंडानं ११४ म्हणतो आणि टंकलेखक ११९ करतो.

आता ताईंसाठी पुढची पायरी. नियम १५ नुसता उल्लेख झालेल्या कागदापुरता. पण काकांकडे असेही कागद असतील ज्यांचा त्यांनी उल्लेखच केला नाही: पत्रं, पावत्या, दुसरं एखादं वाटणीपत्र. त्यासाठी नियम १२. कोर्टाला अर्ज करायचा की प्रतिवादीनं वादविषयाशी संबंधित सगळ्या कागदांचा खुलासा शपथेवर करावा. आणि हे कागद पुराव्यात ग्राह्य असलेच पाहिजेत असं नाही, वादावर प्रकाश पडत असेल तर पुरे, हे एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालात आहे.

दुसरी_बाजू
आणि त्यावर आम्ही म्हणणार, "युवर ऑनर, हे नुसतं मासे पकडणं आहे, गळाला काही लागतं का बघायचं." नियम १२ चे निम्मे अर्ज इथे मरतात. 'प्रतिवादीकडील सर्व कागदपत्रे' असं लिहिलंत की संपलं. थेट नियम १४ खाली विशिष्ट कागद हजर करायला सांगावं, ते जास्त टिकतं.

काळा_डगला
इथे माझा मतभेद. नियम १४ नं विशिष्ट कागद मागितलात की उत्तर एका ओळीचं येतं, 'सदर कागद आमच्या ताब्यात नाही'. विषय बंद. नियम १२ च्या प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना संहितेच्या मागे दिलाय, तो कुणी उघडून बघत नाही. त्यात दोन परिशिष्टं असतात. पहिल्यात आज ताब्यात असलेले कागद, आणि त्यातला कुठला दाखवायला हरकत आहे व का. दुसऱ्यात पूर्वी होते पण आता नाहीत असे कागद, शेवटचे केव्हा होते आणि पुढे त्यांचं काय झालं, कुणाकडे गेले. 'नाही' म्हणून सुटता येत नाही, 'कुठे गेला' हेही शपथेवर सांगावं लागतं. माणूस कागद लपवायला तयार असतो. पण लपवल्याची गोष्ट तारीखवार रचून त्याखाली सही करायची म्हटली की हात थरथरतो. मी आधी शपथेत बांधतो, मग कागद मागतो.

दुसरी_बाजू
शहरात बांधता. तालुक्यात शपथ चहाबरोबर घेतात. बरं, तरीही क्रम पटला. पण अर्ज काल आणि विषय घालून लिहा: '१९८५ ते १९९० दरम्यान वादींचे वडील व प्रतिवादी यांच्यातील मिळकतीसंबंधीचे व्यवहार'. मग मासे पकडणं म्हणायला मला जड जाईल.

झब्बू_मास्तर
आदेश मोडला तर? जेल?

काळा_डगला
नियम २१. वादीनं मोडला तर दावा निघू शकतो, प्रतिवादीनं मोडला तर बचाव खोडला जाऊ शकतो. पण बब्बर सिव्हिंग मशीन कंपनीच्या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हे शेवटचं हत्यार, जाणूनबुजून हट्टानं मोडला असेल तरच. त्यामुळे प्रत्यक्षात खर्च बसतो आणि आणखी एक तारीख.

मिरचीपूड
माझा पण एक किस्सा घ्या. आमच्या भागीदारीचा दावा होता, गूळ अडतीचा. समोरच्याकडं एक लाल वही हाय आणि तीत माझी बाकी लिवलीय ह्याची मला खात्री. म्हटलं आणू दे वही कोर्टात. आमच्या वकिलांनी हजर करायची नोटीस दिली. उलटतपासाच्या दिवशी गड्यानं वही आणली. आम्ही हावरटासारखी कोर्टातच उघडली. माझी बाकी होती, सतरा हजार. पुढच्या पानावर माझ्याच सहीनं घेतलेली उचल, एकवीस हजार. मी विसरलो होतो. वकील वही हळूच मिटून म्हणाले, "नको साहेब, आम्हाला गरज नाही." समोरचा म्हातारा वकील उठला आणि म्हणाला, "आता गरज आम्हाला हाय." आणि वही पुराव्यात गेली. आजपावेतो त्या वहीचा रंग डोळ्यापुढं येतो.

काळा_डगला
जुन्या पुरावा कायद्याचं कलम १६३. नोटीस देऊन समोरच्याला कागद कोर्टात आणायला लावलात, आणला, तुम्ही उघडून पाहिलात, तर समोरच्यानं म्हटल्यास तो तुम्हाला पुराव्यात द्यावाच लागतो. उघडलेलं पाकीट परत चिकटत नाही. म्हणूनच आदेश ११ खाली आधीच, वकिलाच्या ऑफिसात, शांतपणे बघून घ्यावं. आणि याचं जुळं भावंड १६४: नोटीस देऊनही कागद आणायला नकार दिला, तर मग तोच कागद स्वतःसाठी वापरायला समोरच्याची संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागतो.

झब्बू_मास्तर
मिरचीपूड, चार हजार परत केलेत का?

मिरचीपूड
व्याजासकट. विषय बदला.

मोडीवाली
बदलते. वाटपाच्या दाव्यात लोक माझ्याकडे आजोबा-पणजोबांचे मोडी कागद घेऊन येतात. एक सल्ला: कागद समोरच्याकडून बघायला मिळाला आणि तो मोडीत असला, तर तिथल्या तिथे कुणा 'थोडं येतं' म्हणणाऱ्याकडून वाचून घेऊ नका. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे, कडा दिसतील असे फोटो घ्या. मोडी शब्द तोडत नाही, अख्खी ओळ एकाच दमात जाते, आणि खरेदी की गहाण हे कधी कधी एका शब्दावर असतं. एका घराण्यानं तीन पिढ्या जी जमीन विकली गेली असं धरलं होतं, ती मुदतीनं लिहून दिलेली निघाली. कालमर्यादा कधीच उलटून गेलेली, त्यामुळे उपयोग शून्य. पण आजी म्हणाली, निदान सासऱ्यांनी विकली नव्हती हे कळलं.

एडिसनकर
माहिती अधिकारात नाही का मागता येत? भारतात तो कायदा फार भारी आहे म्हणतात.

नाझरकाका
काका म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण नव्हे, त्यांच्या कपाटाला माहिती अधिकार लागत नाही. तहसील कार्यालयातल्या फेरफाराच्या संचिकेला लागतो: नोंद कोणत्या अर्जावर, कोणते कागद जोडले, नोटिसा कुणाला निघाल्या. ती मागाच. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, पण फेरफार का झाला हे त्यावर नसतं, ते संचिकेत असतं.

कृष्णाकाठची
सात आठवड्यांनी परत आले. नाझरकाका आणि काळा_डगला, दोघांचंही ऐकलं. वकीलसाहेब आधी नाखूश होते, पण नोटिशीचा मसुदा त्यांनीच केला. दहा ओळींचा.

आधी सर्च. १९८६ नाही, १९८७ नाही. १९८८ च्या जानेवारीत सापडला. दस्त आहे. नोंदवलेला आहे. दस्ताची तारीख डिसेंबर १९८७ ची, नोंदणी पुढच्या महिन्यात. नक्कल आली, चार पानं. शेवटच्या पानावर बाबांची सही. मी ती बनावट निघेल अशी मनाची तयारी करून गेले होते. त्यांची 'र' काढायची एक लकब होती, खालचा पाय लांब ओढायचे. तोच 'र'. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या वर्षी तुझ्या बाबांनी ट्रॅक्टरचं कर्ज काढलं होतं, भाऊंनी (म्हणजे काकांनी) फेडलं." एवढंच.

पण तिसऱ्या पानावर मिळकतीचं वर्णन आहे. पाच गट नाहीत. दोनच आहेत.

मग मी पाचही सातबारे परत काढले, एकापाशी एक ठेवून. तीनवर ए.कु.मॅ. आहे. त्या दोनवर नाही, १९८८ चा फेरफार आहे. मी इथे 'सातबारावर असं लिहिलंय' म्हटलं होतं ते वरचे तीन बघून.

नोटिशीला त्यांच्या वकिलांचं उत्तर नवव्या दिवशी आलं. आम्ही जाऊन मूळ दस्त बघितला, नक्कलेशी ताडून पाहिला, सारखा आहे.

काळा_डगला
आणि कैफियतीला जोडलं होतं फक्त पहिलं पान. तिसरं नाही. एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ काढा, निकाल १९९३ चा. तोही वाटपाचाच दावा होता. तिथे वादीनं स्वतःच लिहून दिलेलं हक्कसोडपत्र दडवून हुकूमनामा मिळवला, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कोर्टाची फसवणूक ठरवली.

दुसरी_बाजू
थांबा, थांबा. तिथे कागद सांगितलाच नव्हता. इथे कैफियतीत सांगितलाय, पहिलं पान लावलंय, नोटीस दिल्यावर नवव्या दिवशी मूळ दाखवलंय. कारकुनाच्या मशीनमध्ये एकच पान गेलं असं मी छातीठोक सांगेन, आणि खोटं आहे असं तुम्ही कसं दाखवाल?

नाझरकाका
मशीनमध्ये एकच पान गेलं असेलही. पण कैफियतीतला 'वादींचा मिळकतीशी काही संबंध नाही' हा मजकूर मशीननं लिहिलेला नाही. तिथे दोन गट म्हणायला हवं होतं.

मिरचीपूड
ताई, बनावट म्हणून बोंब मारून मग हा कागद बघितला असता तर? माझी लाल वही आठवली.

कृष्णाकाठची
तेच डोक्यात आहे. प्रत्युत्तरात 'सदर दस्त खोटा व बनावट आहे' असं लिहायचं जवळजवळ ठरलं होतं. आता आईनं सांगितलंय की त्या दोन गटांचा हट्ट सोडायचा, सही त्यांचीच आहे.

एक प्रश्न राहिला. दोन गट सोडायचे तर पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्यायची की दावा दुरुस्त करायचा? मुद्दे येत्या गुरुवारी निघणार आहेत.

काळा_डगला
मुद्दे निघायच्या आत दावा दुरुस्तीचा अर्ज. पुरसिस नुसती दिलीत तर मुद्द्यांत पाचही गट येऊन बसतील. बुधवारी वकिलांना फोन करा, गुरुवारी सकाळी नको.

नाझरकाका
आणि अर्जाला दस्ताची नक्कल जोडा. चारही पानं.